पडवीतली प्रयोगशाळा: अन्नातले रेणू ओळखायचे कसे आणि विकरांना कामाला लावायचं कसं

मे महिन्यात आमच्या पडवीत गवतावर आंब्याची आढी लागते आणि सुट्टीला आलेली नातवंडं-पुतवंडं तिच्याभोवती घुटमळत राहतात. शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. एकदा त्यांना विचारलं, "हा आंबा आढीत घातला तेव्हा आंबट होता, दातांखाली करकरत होता. आठ दिवसांत गोड झाला. आत साखर घातली कोणी?" धाकट्याने ताबडतोब उत्तर दिलं, "गवतान!"

त्या उत्तरावर हसून झाल्यावर आम्ही ते तपासायला बसलो. पुढे लिहिलेली पद्धत त्या आणि नंतरच्या सुट्ट्यांमधून तयार झाली. आठवीपासून बारावीपर्यंतच्या कुठल्याही मुलाला ती जमेल. मोठं माणूस मात्र शेजारी हवं, कारण एक-दोन रसायनं खरोखर भाजणारी आहेत.

आधी साक्षीदार, मग चाचणी

अन्नातले मोठे रेणू मुख्यतः तीन घराण्यांतले. कर्बोदकं म्हणजे साखरा आणि साखरेचेच मणी ओवून झालेलं पिष्ट. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा, विशिष्ट घड्या पडलेल्या. आणि मेद म्हणजे तेल-तूप. यातला कुठलाही रेणू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्याशी जमणारं एखादं रसायन घालायचं आणि रंग काय सांगतो ते बघायचं.

पण रंग खोटंही बोलतो. म्हणून आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला त्या दिवशी गरे मिळत नाहीत. प्रत्येक चाचणीत तुमच्या पदार्थाच्या नळीबरोबर आणखी दोन नळ्या ठेवायच्या. एकीत नुसतं पाणी, म्हणजे रेणू नक्की नसलेली. दुसरीत तो रेणू नक्की असलेला पदार्थ. मुलं त्यांना 'साक्षीदार' म्हणतात. पाण्याच्या नळीलाही रंग आला, तर तुमची भांडी खरकटी आहेत. नक्की असलेल्या नळीला रंग आला नाही, तर रसायन मेलेलं आहे. दोन्ही साक्षीदार बरोबर बोलले, तरच तिसऱ्या नळीवर विश्वास ठेवायचा.

सामान फार लागत नाही. काचेच्या सात-आठ परीक्षानळ्या, ड्रॉपर, पांढरी बशी, एक टोप, तापमापी, मेडिकलमधून बीटाडीन (जखमेवर लावायचं आयोडीनचं औषध) आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. बेनेडिक्टचं द्रावण, सोडियम हायड्रॉक्साइड आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून घ्या. चाचणी झालेला पदार्थ कोणी खायचा नाही, गुरांच्या पेंडीतही टाकायचा नाही.

पिष्ट: बीटाडीनची निळाई

एक भाग बीटाडीन, दहा भाग पाणी. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा यायला हवा. बशीत पदार्थाचा थेंब किंवा तुकडा ठेवा, वर दोन थेंब टाका. पिष्ट असेल तर गडद निळा, जवळजवळ काळा रंग उमटतो. पिष्टाची लांब साखळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते आणि आयोडीन त्या वेटोळ्यांच्या आत शिरून बसतं, म्हणून हा रंग.

आठळी, पोहे, बटाटा, नाचणीचं पीठ, सगळे निळेकाळे पडतील. शहाळ्याचं पाणी चहाच्या रंगाचंच राहील. उकड्या तांदळाच्या पेजेवर मात्र आम्ही पहिल्या वर्षी फसलो. पेज चुलीवरून नुकती उतरवलेली होती, आयोडीन टाकलं आणि रंग काही धरेना. पेजेत पिष्ट नाही म्हणजे काय! थोड्या वेळाने बशी थंड झाली आणि निळा रंग आपोआप उमटला. गरम असताना ती वेटोळी सैल होतात आणि आयोडीन निसटतं. तेव्हा पदार्थ निववून मगच तपासा.

साखर: बेनेडिक्टचा चढता रंग

स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनतज्ज्ञाच्या नावाचं हे निळं द्रावण. त्यात मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), सोडियम सायट्रेट आणि सोडियम कार्बोनेट असतं. मोरचूद आपल्याकडे सुपारीच्या बागायतदारांना सांगायला नको, कोळेरोगावरच्या बोर्डो मिश्रणात तेच पडतं. ग्लुकोज किंवा फ्रुक्टोजसारखी साखर त्यातल्या तांब्याला इलेक्ट्रॉन देते आणि विटकरी रंगाचा तांब्याचा ऑक्साइड तळाशी बसतो.

दोन मिली पदार्थाचं पाणी, दोन मिली बेनेडिक्ट, आणि नळी उकळत्या पाण्याच्या टोपात पाच मिनिटं उभी. नळी थेट गॅसवर धरू नका. आतलं पाणी उसळून बाहेर उडतं. साखर थोडी असेल तर हिरवा रंग, मग पिवळा, नारिंगी आणि भरपूर असेल तर विटकरी. शहाळ्याचं पाणी आणि मध झोकात रंग बदलतात.

आता मुलांना साखरेच्या डब्यातली चमचाभर साखर विरघळवून तपासायला सांगा. द्रावण निळंच राहतं. आमच्याकडे यावर भांडण झालं होतं, "बाई, साखरेत साखर नाय?" घरची मुलंही मला बाईच म्हणतात. डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. जोडीत दोघांचीही इलेक्ट्रॉन देणारी टोकं एकमेकांत अडकलेली असतात, तांब्याला द्यायला कोणी मोकळं नसतं. जोडी सोडवण्यासाठी त्या पाण्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब घालून पाच मिनिटं टोपात ठेवा. निवल्यावर चिमूट-चिमूट खायचा सोडा घाला, फसफस थांबेपर्यंत. मग बेनेडिक्ट. आता विटकरी रंग येतो. सोडा विसरलात तर उरलेलं आम्ल बेनेडिक्टचा अल्कधर्म मारून टाकेल आणि चाचणी चालणारच नाही. कोकमाचं आगळ थेट घातलं तरी हीच गत. शिवाय सोड्याने आगळाचा लाल रंग बदलतो, म्हणून रंगाच्या चाचण्यांत आगळ मी घेतच नाही. ते सोलकढीतच बरं.

प्रथिनं आणि मेद

प्रथिनांसाठी बाययुरेट चाचणी. दोन मिली पदार्थ, तेवढंच दहा टक्क्यांचं सोडियम हायड्रॉक्साइड, आणि मोरचुदाच्या एक टक्क्याच्या द्रावणाचे तीन-चार थेंब. तापवायचं नाही. प्रथिन असेल तर जांभळी छटा, नसेल तर निळी. मोरचूद जास्त पडलं तर त्याचा स्वतःचा निळा रंग जांभळ्याला गिळतो, म्हणून हात आखडता ठेवा. सोडियम हायड्रॉक्साइड कातडी जाळतं. ते मोठ्यांनीच ओतायचं, आणि डोळ्यांना चष्मा हवा. साक्षीदार म्हणून अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवून घ्या. कुळथाची पिठी पाण्यात अर्धा तास भिजवून फडक्यातून गाळली तर छान जांभळी होते. सुकटीचं पाणी मी एकदा करून बघितलं. रंग आला, पण वास पडवीतून दोन दिवस गेला नाही.

मेदासाठी किराणावाल्याचा खाकी कागद पुरतो. खोबरं, काजू, शेंगदाणा चिरडून घासा आणि कागद उन्हात वाळवा. पाण्याचा डाग जातो, तेलाचा जात नाही आणि उजेडासमोर धरला की आरपार दिसतो. दुसरी पद्धत म्हणजे पदार्थ निव्वळ अल्कोहोलमध्ये हलवून ते पाण्यात ओतणं. मेद असेल तर पाणी दुधाळ होतं. नारळाच्या रसाला ही पद्धत लावू नका, तो आधीच दुधाळ असतो. सॅनिटायझरही चालत नाही, त्यात पाणी असतं.

विकर: काम करून नामानिराळे

आता खरा विषय. पिष्टापासून साखर होताना एकेक बंध पाणी घालून तोडावा लागतो. प्रयोगशाळेत त्यासाठी आम्ल आणि उकळतं पाणी लागलं. तोंडात तेच काम सदतीस अंशांना, आम्लाशिवाय होतं. करणारा असतो विकर, म्हणजे एन्झाइम. तो क्रिया घडवून आणतो आणि शेवटी स्वतः जसाच्या तसा उरतो, पुढच्या रेणूकडे वळायला.

१८३३ मध्ये पायेन आणि पर्सो या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी मोड आलेल्या जवापासून पिष्ट फोडणारा पदार्थ वेगळा काढला, त्याला डायस्टेज म्हटलं. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्ट वाटून, पेशी मारून, नुसत्या रसाने साखर आंबवून दाखवली, त्याबद्दल १९०७ चं नोबेल मिळालं. आणि १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या जातकुळीतल्या जॅक बीनमधून युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक काढले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. हा मुद्दा कळीचा. विकर प्रथिन आहे, म्हणजे त्याला घड्या आहेत, आणि त्या घड्यांत एक खोबण आहे. खोबणीत बसेल तोच रेणू तो हाताळतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी ती सुधारली: हात घातल्यावर हातमोजा हाताचा आकार घेतो, तशी खोबणही थोडी वळते. उकळलं की घड्या उलगडतात आणि खोबण मोडते. अंडं उकडल्यावर पुन्हा कच्चं होत नाही, तसंच हे.

लाळेचा प्रयोग, सावकाश

यासाठी घाई करू नका, सगळ्यांत जास्त शिकवणारा प्रयोग हाच.

१. शंभर मिली पाण्यात पाव चमचा तांदळाचं पीठ उकळून पातळ खळ करा, निववा.
२. तोंड चुळा भरून स्वच्छ करा, घोटभर पाणी मिनिटभर तोंडात घोळवून कपात घ्या. ज्याने त्याने स्वतःचीच लाळ हाताळायची.
३. बशीत आयोडीनचे दहा-बारा थेंब ओळीने मांडा.
४. नळीत पाच मिली खळ आणि एक मिली लाळेचं पाणी मिसळा, घड्याळ लावा. नळी सदतीस अंशांच्या पाण्यात उभी करा.
५. दर अर्ध्या मिनिटाला ड्रॉपरने एक थेंब काढून पुढच्या आयोडीनवर टाका.

पहिला थेंब निळाकाळा. मग जांभळट, तांबूस, आणि शेवटी चहाचाच रंग. त्या क्षणी पिष्ट संपलं. किती वेळ लागला ते लिहा. माणसामाणसांत फरक पडतो, घरात कोणाची लाळ तेज यावर पैजा लागतात. शेवटच्या नळीवर बेनेडिक्ट करून बघा, आता साखर सापडेल. मुख्यतः माल्टोज, दोन मण्यांची.

आता हाच प्रयोग आणखी तीन नळ्यांत. एक बर्फाच्या पाण्यात, एकीत उकळून निववलेली लाळ, एकीत व्हिनेगरचा चमचा. बर्फातली नळी रेंगाळते. उकळलेली आणि व्हिनेगरची, दोन्ही निळ्याच राहतात. मग बर्फातली आणि उकळलेली या दोन्ही नळ्या कोमट पाण्यात ठेवा. बर्फातली जागी होऊन कामाला लागते, उकळलेली लागत नाही. थंडीने विकर नुसता आळसावतो, उष्णतेने मोडतो. हे मुलांनी स्वतः बघायला हवं, सांगून उपयोग नाही.

व्हिनेगरऐवजी लिंबू पिळलंत तर फसाल. पहिलाच थेंब रंगहीन निघतो आणि वाटतं, लिंबाने विकराला जोर आला. प्रत्यक्षात लिंबातलं क जीवनसत्त्व आयोडीनच खाऊन टाकतं. पिष्ट तिथेच असतं, फक्त साक्ष देणारा नाहीसा झालेला असतो. लाळ न घातलेली लिंबू-खळ शेजारी ठेवली असती, तर लगेच कळलं असतं. म्हणून साक्षीदार.

याच खोडीचा उपयोग करून क जीवनसत्त्वाचा अंदाजही घेता येतो. थोड्या खळीत रस घालून किती थेंब आयोडीन टाकल्यावर निळा रंग टिकतो, ते मोजा. जास्त थेंब, जास्त जीवनसत्त्व. आवळ्यावर आणि लिंबावर हे करा. काजूच्या बोंडूत क जीवनसत्त्व भरपूर असतं खरं, पण त्यातली तुरट द्रव्यंही आयोडीन गिळतात, त्यामुळे आकडा फुगतो.

फेस, पपई आणि तूरडाळ

मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड बहुतेक सहा टक्क्यांचं असतं. तेवढंच पाणी घालून तीन टक्के करा. नळीत पाच मिली घेऊन बटाट्याचा तुकडा टाका. फेस वर चढतो, कारण बटाट्यातला कॅटलेज पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतो. फेसात पेटती, पण ज्वाळा विझवलेली अगरबत्ती धरली की टोक झगझगतं. सेंटिमीटरमध्ये फेस मोजून तुलना करा: अखंड तुकडा, तेवढाच बटाटा किसून, उकडून. किसलेला जोरात, उकडलेला गप्प. कोंबडीची कलेजी सगळ्यांना मागे टाकते. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला लाखोंनी पेरॉक्साइडचे रेणू फोडतो, त्यामुळे नळी उंच घ्या आणि तोंड बंद करू नका.

एका वर्षी कलेजीलाही फेस येईना. "बाई, फेस येणा नाय," पोरं हिरमुसली. मी बटाट्याला दोष दिला, कलेजीला दिला, अर्धा दिवस घालवला. बाटली माझ्याच कपाटात दोन उन्हाळे उघडझाप होत पडली होती, पेरॉक्साइड केव्हाच पाणी झालेलं. आपल्या हवेत ते टिकत नाही. छोटी, नवी बाटली घ्या.

पपईचा प्रयोग विकर किती निवडक असतो ते दाखवतो. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो. त्यातला पपेन प्रथिनं तोडतो. दोन वाट्या घ्या. एकीत जिलेटिनची जेली, म्हणजे प्रथिन. दुसरीत चायना ग्रास, म्हणजे समुद्री शेवाळातलं कर्बोदक. दोन्ही घट्ट झाल्या की वर कच्च्या पपईची चकती ठेवा. जिलेटिनमध्ये खळगा पडून पाणी सुटतं, चायना ग्रासला काही होत नाही. किल्ली त्या कुलपाची नाही. पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात जिलेटिन पपईशिवायही वितळतं! तेव्हा वाट्या फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर वेळ द्या, आणि तिसऱ्या वाटीत जिलेटिनवर उकडलेली पपई ठेवा. ती वाटी शाबूत राहिली, तरच पपेनचा गुन्हा सिद्ध.

दुधातला युरिया ओळखण्याची प्रचलित घरगुती चाचणीही विकराचीच. चमचाभर दुधात अर्धा चमचा कच्च्या तूरडाळीची किंवा सोयाबीनची पूड हलवून पाच मिनिटं ठेवायची, मग तांबडा लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवायचा. डाळीतलं युरिएज युरियापासून अमोनिया काढतं आणि कागद निळा होतो. डाळ भाजलेली नको, विकर मेलेला असतो. दुधात मुळातही थोडा युरिया असतो, म्हणून खात्रीच्या घरच्या दुधाचा कागद शेजारी ठेवून छटा ताडून बघा.

आणि एक, स्वयंपाकघरातच होणारं. नाचणीची घट्ट पेज करा, चमचा उभा राहील अशी. कोमटपेक्षा थोडी गरम, बोट जेमतेम सोसेल इतकी झाली की अर्ध्या भागात मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ ढवळा, अर्ध्यात साध्या नाचणीचं. काही मिनिटांत मोडाच्या पिठाची पेज पातळ होऊन ओघळते. पायेन-पर्सो यांचं डायस्टेज ते हेच. लहान बाळांना मोडाच्या नाचणीचं सत्त्व देण्यामागे हीच गोम आहे: पेज पातळ राहते, पण धान्य जास्त मावतं.

आढीकडे परत

हापूस कापताना जीव तुटतो, म्हणून रायवळ घ्या, एकाच झाडाचे, एकाच दिवशी काढलेले. आढीत घातल्या दिवशी एक, मग दर दोन दिवसांनी एक कापा. गराच्या फोडीवर आयोडीन, थोड्या गराच्या पाण्यावर बेनेडिक्ट, आधी खायच्या सोड्याने आंबटपणा मोडून. कैरीत क जीवनसत्त्व असतं, त्यामुळे सुरुवातीचे थेंब रंगहीन होतील. रंग धरेपर्यंत थेंब टाकत राहा. पहिल्या दिवशी फोड निळीकाळी, मग निळाई विरळ होत जाते, आणि पिकलेल्या फोडीवर चहाचा रंग उरतो. साखर मात्र चढत जाते. गवताचा हात फक्त ऊब धरण्यापुरता. पिष्ट फोडणारे विकर फळाचे स्वतःचे असतात.

बागायतदार म्हणतात, आंबा चौदा आणे तयार झाल्यावर काढावा. त्याहून कोवळा आंबा आढीत पिवळा होतो, पण फिका लागतो, कारण साखर व्हायला पिष्टच पुरेसं साठलेलं नसतं. आमच्याकडे घरात काढलेले आंबे आधी बादलीत टाकून बघतात. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. यंदा मुलांनी एक बुडलेला आणि एक तरंगणारा आंबा त्याच दिवशी कापला आणि दोन्ही फोडींवर मोजून दहा-दहा थेंब टाकले. बुडलेला काळाकुट्ट झाला, तरंगणाऱ्यावर फिकी निळाई. तुम्हीही हे करून बघाल तेव्हा दोन्ही आंबे एकाच फांदीचे घ्या. आम्ही वेगवेगळ्या झाडांचे घेतले होते, आणि त्यामुळे आमचा निकाल अजून अर्धाच आहे.